चातुर्मासातलं उत्तर

“प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं, शरयू. समोरची बाई अडखळली तरी आपण शब्द पुरवायचा नाही. आणि उत्तर मिळालं म्हणून लगेच उठायचंही नाही. माणूस आधी उत्तर देतो आणि मग बोलायला लागतो.”

इंदुमतीबाई सरदेसाईंनी हे सांगितलं त्याला पुष्कळ वर्षं लोटली होती. बाई आता नव्हत्या. पण देवरुखच्या सह्यकडा संशोधन केंद्रात शरयू पाध्ये कुणाही रुग्णासमोर बसली, की तो मऊ, ठाम आवाज तिच्या कानाशी हजर असायचा. प्रश्न घडवणं हेच बाईंचं आयुष्यभराचं काम. ‘तुम्हाला धाप लागते का?’ एवढासा प्रश्न, पण राजापूरची आजी, हर्णैचा खलाशी आणि पुण्याची शिकलेली मुलगी या तिघांनाही तो सारखाच कळला पाहिजे, म्हणून बाईंनी तो गावोगाव नेला. कुणाला धाप म्हणजे दमा वाटला, कुणाला नुसता थकवा. शेवटी तो ‘देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागतं का?’ असा होऊन स्थिरावला. आज तो कितीतरी अभ्यासांत वापरला जातो, आणि कुणालाही त्यावर अडायला होत नाही.

ही किमया कोठाराची. केंद्रातल्या संगणक-प्रणालीला सगळे कोठारच म्हणत.

नवं औषध माणसांना देऊन पाहायचं, तर आधी योग्य माणसं निवडावी लागतात. ज्यांना ते सोसणार नाही, त्यांना बाजूला ठेवावं लागतं. म्हणून सुरुवातीला चाळणीचे प्रश्न असतात. वय काय, आजार कोणता, दुसरी औषधं कोणती, खाणंपिणं कसं. पूर्वी प्रत्येक अभ्यासाचे डॉक्टर आपापले प्रश्न नव्याने लिहीत. एकच गोष्ट दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी विचारली जाई, आणि मग एका अभ्यासातलं उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहायची सोय उरत नसे. कोठाराने ती उधळपट्टी थांबवली. तिथे प्रत्येक प्रश्नाची वंशावळ असते: तो कुणी लिहिला, कुठल्या बोलीत पारखला, कुठे बदलला, आज कुठल्या अभ्यासांत वावरतो आहे. नवा अभ्यास काढणाऱ्याने पारखलेला प्रश्न उचलावा आणि कामाला लागावं.

मग चारेक वर्षांपूर्वी कोठार आणखी एक पाऊल पुढे गेलं. प्रश्न तोच असेल, तर त्याचं उत्तर तरी माणसाकडे पुन्हा पुन्हा कशाला मागायचं? ज्याने संमती दिली असेल, त्याचं एकदा दिलेलं उत्तर सगळ्या अभ्यासांना लागू व्हावं. प्रत्येक उत्तराला टिकण्याची मुदत ठरली. रक्तगट जन्मभर, वजन तीन महिने, आहार एक वर्ष. एका रात्रीत कोठार सगळ्या कोकणातली माणसं चाळून सकाळी योग्य त्यांची नावं पुढे ठेवू लागलं. लांज्याच्या एका मुलीचे स्नायू झिजत होते. तिच्यासारखाच विरळा आजार असलेली माणसं कोठाराने किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधून काढली, आणि तिचं औषध तिच्या हयातीत तयार झालं. ती मुलगी आता सायकल चालवते. तिला पाहिलं की शरयू मनातल्या मनात हात जोडायची, बाईंनाही आणि त्या यंत्रालाही.

त्याच कोठाराने जानेवारीतल्या एका सकाळी शरयूच्या नणंदेचं नाव बाजूला काढलं.

मनोरमाअक्का म्हणजे दिगंबरची थोरली बहीण. मराठी शाळेत शिक्षिका होत्या. आई लवकर गेली, तेव्हा लग्नाचा विचार बाजूला ठेवून त्यांनी धाकट्या भावाला वाढवलं. आता तिघं एकाच घरात राहत. अक्कांची मूत्रपिंडं तीन वर्षांपासून दमत चालली होती. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक जाळ्या असतात, आणि मेलेली जाळी पुन्हा उगवत नाही, असंच वैद्यक इतकी वर्षं मानत आलं. नव्या उपचारात रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत शिकवून तयार करतात. त्या शरीरात जाऊन फाटलेल्या जाळ्यांना आतून अस्तर लावतात. जोडीला काही महिने एक गोळी असते. ती दोन्ही वेळच्या जेवणासोबत घ्यायची, आणि जेवणात मोजकं का होईना, मीठ हवंच. नाहीतर रक्तातली साखर आणि क्षार एकदम उतरून माणूस कोसळतो. गाळण्याच्या ताकदीचा आकडा वीसच्या खाली गेला, की पेशींना धरायला जागाच उरत नाही, म्हणून तिथे दार बंद. अक्कांचा आकडा सव्वीस होता.

नकाराचं कारण शरयूने उघडून पाहिलं आणि तिला हसूच आलं. ‘आहार: एकभुक्त, मीठ वर्ज्य.’

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. सौरपंपांच्या दुरुस्तीचं दुकान बंद करून दिगंबर नुकताच आला होता.

“अक्का, यंत्राने तुला नापास केलं!” दिगंबर म्हणाला.

“मला? पस्तीस वर्षं मी लोकांना नापास केलंय रे. कुठल्या विषयात?”

“जेवणात.”

“मग बरोबर आहे. तुझ्या बायकोच्या हातचं खाऊन कोण पास होणार?” अक्का म्हणाल्या, आणि शरयूकडे पाहून डोळे मिचकावले.

गोष्ट साधी होती. दिगंबर सात वर्षांचा असताना विषमज्वराने पार हातचा जाऊ लागला होता. तेव्हा अक्का देवीसमोर बोलल्या होत्या, की पोरगा उठला तर जन्मभर चातुर्मासात एकवेळ जेवीन, तेही अळणी. पोरगा उठला. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत अक्कांचं व्रत तेव्हापासून कधी मोडलं नव्हतं. केंद्राचं आरोग्य शिबिर गावात झालं ते श्रावणात. ‘दिवसातून किती वेळा जेवता? जेवणात मीठ असतं का?’ या प्रश्नाला अक्कांनी खरंखुरं उत्तर दिलं. कोठाराने ते वर्षभरासाठी जपून ठेवलं.

“मग बदल ना ते,” दिगंबर म्हणाला.

“बदलते. पण नियमाप्रमाणे पुन्हा विचारून.”

जेवणं झाल्यावर शरयू रीतसर अक्कांसमोर बसली. प्रश्न वाचला.

“हल्ली दोन वेळा जेवते. मीठ असतं, तू मोजून घालतेस तेवढं.”

शरयूने उत्तर टिपलं आणि सवयीने गप्प बसून राहिली. अक्का भिंतीकडे बघत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, “त्या दिवशी शिबिरात माझ्या पुढे बामणोलीची सावित्री गुरव होती. तिने श्रावणभर मीठ सोडलेलं. मागे दोघी जावा, त्यांचं नक्त, रात्री एकदाच जेवायचं. सगळ्या रांगेत मेली एक बाई धड जेवत नव्हती गं. हसलो आम्ही त्यावर. त्यांचीही बदलून घेशील ना?”

शरयूच्या हातातल्या टॅबचा पडदा तसाच उजळत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने कोठाराला विचारलं, की आहाराची उत्तरं कुठल्या महिन्यात गोळा झाली आहेत? नकाशा उमटला. केंद्राची जवळजवळ सगळी शिबिरं श्रावणातली होती. त्यात कुणाची चूक अशी नव्हती. लावणी आटोपलेली असते, बायकांना जरा उसंत मिळते, त्या मोकळेपणी बोलतात, म्हणून केंद्राने ठरवून तोच महिना धरला होता. आणि आहाराचा प्रश्न ज्यांनी मुळात रचला त्यांनी माणूस काय खातो ते वर्षभर सारखंच असतं असं गृहीत धरलं होतं. वर्षाचे चार महिने अर्ध्या मराठी स्वयंपाकघरांत चूल वेगळीच जळते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नकाशाखाली ही उत्तरं वापरणाऱ्या एका अभ्यासाचा आलेख होता. रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास चालू होता. ज्या बायका अळणी खातात असं कोठार सांगत होतं, त्यांना औषधाची लहान मात्रा दिली जात होती. कार्तिकी झाली, मीठ परत आलं, आणि तेव्हापासून त्या बायकांचे दाब हळूहळू चढत होते. डॉक्टरांनी थंडीला दोष दिला होता.

करायचं काय ते स्पष्ट होतं. कोठारातल्या प्रश्नावर हरकत नोंदवायची. पण हरकत नोंदली, की तो प्रश्न वापरणारे सगळे अभ्यास जागच्या जागी थांबतात. प्रत्येकाला पुन्हा विचारून होईपर्यंत नवा माणूस आत घेता येत नाही. दुरुस्त उत्तरामुळे अक्कांचं नाव ज्याच्या यादीत आलं होतं, तो मूत्रपिंडाचा अभ्यासही त्यातच होता.

दिगंबरने सगळं ऐकून घेतलं. तो संतापी माणूस नव्हता. हळूच म्हणाला, “अक्काचं उत्तर तू दुरुस्त केलंस, ते खरंच आहे ना?”

“खरं आहे.”

“पुढच्या सोमवारी तिच्या पेशी काढून उपचार सुरू होतोय. एकदा उपचार सुरू झाला की हरकतीने तो थांबत नाही, तूच सांगितलंस. मग हरकत मंगळवारी नोंदव. मी नोंदवू नको म्हणतच नाही.”

“आणि त्या बायका?”

“इतके महिने काढले, आठ दिवसांत काय होतंय?”

“माहीत नाही,” शरयू म्हणाली. “तेच तर. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही.”

“माझी आई आहे ती, शरयू.” एवढं बोलून तो अंगणात गेला.

शरयूने त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ तिथेच बसली. काही मागितलं नाही. मागायला तोंडच होईना. अक्कांसाठी मागावं तर सावित्री गुरव डोळ्यांसमोर येई.

सकाळी ती केंद्रात गेली आणि संचालक डॉ. पराग माईणकरांच्या खोलीत शिरायच्या आधीच तिने हरकत नोंदवली. आधी बोललो तर आपणच आपल्याला मंगळवारपर्यंत समजावून नेऊ, अशी तिला भीती वाटली.

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. खुर्चीत मागे रेलले. “अकरा अभ्यास थांबले, शरयूताई.”

“हो.”

“रक्तदाबाचा निबंध पुढच्या महिन्यात परिषदेत वाचायचा होता. माझा.”

“हो सर.”

मग त्यांनी फोन उचलला, आणि पहिला फोन रक्तदाबाच्या अभ्यासातल्या डॉक्टरांना लावला. “लहान मात्रेवरच्या सगळ्या बायकांना आजच्या आज तपासा. हो, सगळ्यांना. गाड्या पाठवा.” फोन ठेवून म्हणाले, “तुमच्या नणंदबाई मूत्रपिंडाच्या यादीत होत्या ना?”

“होत्या.”

ते उठून उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग टेबलावरचे कागद उगाच सारखे करत पुन्हा बसले.

घरी अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. शरयूने सांगितलं. अक्कांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

“मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.”

“ठाऊक होतं, वन्सं.”

“न विचारता केलंस ते बरं झालं. विचारलं असतंस तर मला आयुष्यभर मोठेपणा मिरवत बसावं लागलं असतं. मेला कंटाळा.” मग जरा थांबून, “दिगू बोलतो का तुझ्याशी?”

“मीठ दे, एवढं बोलतात.”

“ते तरी बोलतो ना. तेवढ्यावरून सुरुवात होते.”

त्यानंतरच्या महिन्यांत शरयूने कोठाराचं जे रूप पाहिलं, ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चूक एका प्रश्नात होती, आणि प्रश्न एकच होता म्हणून ती सगळीकडे पसरली होती. पण तो एकच होता, म्हणूनच ती सगळीकडून एकाच वेळी हाती लागली. पूर्वीसारखे अकरा अभ्यासांचे अकरा वेगळे प्रश्न असते, तर तीच चूक अकरा मुखवटे घालून वावरली असती आणि कुणाला कधी ओळखू आली नसती. कोठाराने प्रत्येक उत्तराच्या मागे ते कुठून आलं त्याचा माग दाखवला. शरयू आणि तिच्या सोबतिणी वाड्या-वाड्यांतून गेल्या. नव्या प्रश्नात भर पडली, ‘वर्षात तुमच्या जेवणाची रीत कधी बदलते? कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत?’ गुरवांच्या वाडीत तो चातुर्मासाला लागू पडला, राजिवड्याच्या हलीमाबीच्या रोज्यांना, जैन बायकांच्या पर्युषणाला. उत्तराला आता नुसती मुदत नव्हती, ऋतूही होता. आणि इथे घासूनपुसून तयार झालेला प्रश्न दुसऱ्या राज्यांतल्या केंद्रांनी उचलला. कुठे कुणी कधी न पाहिलेल्या बायकांची औषधं त्यामुळे नीट झाली असतील, ते शरयूला कळणार नव्हतं. इंदुमतीबाई असत्या तर दोन दिवस या एका प्रश्नाचंच कौतुक करत बसल्या असत्या.

सावित्री गुरवचा दाब आटोक्यात आला. ती एकदा ओल्या काजूंची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. कुणाला द्यायची ते तिला नक्की माहीत नव्हतं. “शिबिरवाल्या बाईंना,” म्हणाली. दिगंबरनेच पिशवी घेतली. तिला चहा विचारला, तिच्या घरची चौकशी केली, फाटकापर्यंत पोचवायला गेला. परत आल्यावर शरयूला म्हणाला, “काजूंची उसळ कर. अक्काला आवडते.” मिठाखेरीज बोललेलं ते बऱ्याच दिवसांतलं पहिलं वाक्य होतं.

अक्कांचा आकडा मात्र उतरतच होता. सव्वीसाचा चोवीस, मग बावीस. मूत्रपिंडाचा अभ्यास पुन्हा सुरू झाल्याची बातमी ज्येष्ठ सरता सरता आली, तेव्हा अक्कांचा आकडा एकवीस होता. कोठाराने सकाळी नाव पुढे ठेवलं. या खेपेला स्वीकाराच्या बाजूला. खाली एक ओळ होती: ‘आषाढ ते कार्तिक: एकभुक्त, मीठ वर्ज्य. या काळात उपचार देऊ नये.’

नवा प्रश्न आपलं काम चोख करत होता.

“कार्तिकीपर्यंत थांबता नाही येणार,” डॉ. माईणकर स्वतः घरी येऊन म्हणाले. “तोवर आकडा वीसच्या खाली जाईल. अक्का, या वर्षापुरतं व्रत सोडा. देव समजून घेईल.”

“देव घेईल हो,” अक्का म्हणाल्या. “पण मी त्याला शब्द दिलाय. त्याने त्याचं केलं. पोरगं समोर बसलंय, चांगलं पन्नाशीचं झालंय, पोट सुटलंय त्याचं. आता मी म्हणू, की माझं जमत नाही?”

“अक्का, माझ्यासाठीच ना व्रत? मग मी सांगतो, सोड,” दिगंबर म्हणाला. “नाहीतर मी धरतो.”

“ज्याच्यासाठी धरलं त्यानेच कसं रे धरायचं? मग ते व्रत कसलं, ती परतफेड झाली.”

डॉक्टर चहा न घेताच गेले. दिगंबर खांबाला टेकून बसला. अक्कांनी पोथी उघडली, पण पान उलटेना.

शरयूचं लग्न झाल्यापासून तिने अक्कांचं व्रत पाहिलं होतं, पण ते कधी स्वतःचं वाटलं नव्हतं. ती देवापुढे दिवा लावी, नमस्कार करी, आणि जेवायला बसे. उपवास तिला सोसत नसे, आणि त्याबद्दल तिला कधी कमीपणाही वाटला नव्हता. ती उठली, पदर खोचला आणि गावातल्या काळे गुरुजींकडे जाऊन आली.

“वन्सं,” परत येऊन ती म्हणाली, “आजारी माणसाचं व्रत घरातल्या दुसऱ्या कुणी चालवलं तर चालतं. गुरुजी म्हणाले, भावजय चालते.”

अक्कांनी चष्मा काढला. “तू?”

“मी.”

“अगं, संध्याकाळी सातला तुला भूक लागली की शेजारच्या गोगट्यांनाही कळतं.”

“कळू दे.”

“अळणी आमटी खाल्ली आहेस कधी?”

“नाही. खाईन.”

“चार महिने आहेत, शरयू. एक दिवस नाही. चिडचिड होते, डोकं दुखतं, सणावाराला समोर पुरणपोळी असते. मला सवय आहे. तुला कशाला…”

शरयू त्यांच्यासमोर खाली बसली. “तुम्ही दोन्ही वेळा जेवायचं, मीठ घातलेलं, गोळी घेऊन. तुमचं एकवेळ मी जेवीन. कार्तिकीपर्यंत मोडणार नाही. हा माझा शब्द.”

अक्कांनी उठून देवघरातून पळीभर पाणी आणलं, शरयूच्या उजव्या हातावर सोडलं, वर अक्षता ठेवल्या आणि पुटपुटत संकल्प सांगितला. शरयूने पाणी ताम्हनात सोडलं. दिगंबर दाराशी उभा होता. त्याने दोघींनाही वाकून नमस्कार केला, आणि शरयू एकदम संकोचून बाजूला झाली.

“पुरे रे,” अक्का म्हणाल्या. “म्हातारीला नमस्कार ठीक आहे. बायकोला करतोयस, गाव हसेल.”

“हसू दे,” तो म्हणाला.

एकादशीचा उपवास तिघांनी मिळून केला. द्वादशीला सकाळी दिगंबर अक्कांना घेऊन केंद्रात गेला. त्यांच्या पेशी तिथे तयार होऊन वाट पाहत होत्या. शरयूला दुपारी जेवणाचा डबा घेऊन जायचं होतं. तिने कुकर लावला, दुधी चिरला. आमटीला उकळी आली. मिठाचा चमचा हातात घेऊन ती क्षणभर थांबली. मग खालून एक लहान पातेली काढली, त्यात पळीभर आमटी बाजूला काढून ठेवली, आणि उरलेल्या आमटीत मोजून मीठ घातलं.